आठसाठ

माझे सासरे गणिताचे शिक्षक होते, आणि लग्नानंतरच्या चार वर्षांत मी त्यांना एकही गणित सोडवताना पाहिलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरची उन्नती सहावीत होती. तिचे आईवडील कामावरून उशिरा यायचे, म्हणून संध्याकाळी ती दप्तर घेऊन आमच्याकडे असायची. सासरे, म्हणजे बाबा, तिला इतिहास शिकवत, नकाशे भरून घेत, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती ते चित्र काढून सांगत. तिने गणिताचं पुस्तक बाहेर काढलं की मात्र ते उठायचे आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे.

"आजोबा, तुम्ही दिवसातून किती वेळा पाणी घालता?" तिने एकदा विचारलं.

"तू गणित काढशील तितक्या वेळा."

मला वाटायचं, आयुष्यभर एकच विषय शिकवून माणूस कंटाळत असेल. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, कधी काही सांगितलं नाही, माझ्या नवऱ्याने, मयूरनेही नाही. पारोळ्याचं घर सोडून ही मंडळी नाशिकला आली ती माझ्या लग्नाच्या बरीच आधी. तिकडचे कोणी आमच्याकडे येत नसत, हेही मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं.

मी 'वेचणी'मध्ये काम करते. आता शाळांमध्ये हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते चालतं कसं हे थोडक्यात सांगायला हवं.

मुलांसाठी फुकट शिकण्याच्या साहित्याला आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. तोटा होता तो हवं ते सापडण्याचा. करोनाच्या काळात हजारो शिक्षकांनी मोबाइल समोर ठेवून पाठ रेकॉर्ड केले. कोणी स्वयंपाकघरात, कोणी गोठ्याच्या भिंतीला फळा टेकवून. पुढे संस्थांनी, विद्यापीठांनी, हौशी लोकांनी त्यात भर घातली. एखाद्या मुलीने 'दशांश अपूर्णांक' असं शोधलं तर समोर इतके व्हिडिओ यायचे की ते नुसते चाळायला एक उन्हाळी सुट्टी पुरली नसती. वर दिसायचा तो ज्याचं संगीत छान असेल तो. तिला नेमका कोणता पाठ लागू पडेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते सांगता येऊ लागलं डोळ्यांच्या बाहुल्यांमुळे. बाहुली उजेडात लहान होते, अंधारात मोठी होते, हे आपण शाळेत शिकतो. पण उजेड तोच असतानाही ती कधी कधी किंचित मोठी होते. आपला मेंदू सतत पुढे काय घडणार याचा अंदाज बांधत असतो, आणि तो अंदाज चुकला की बाहुली विस्फारते. त्यानंतरचे काही क्षण मेंदू नवं काही उचलायला विशेष तयार असतो. आम्ही त्या क्षणांना 'फट' म्हणतो. फटीत पडलेलं स्पष्टीकरण टिकतं. एरवीचं कानावरून जातं.

टॅबलेटचा साधा कॅमेरा हे मोजू शकतो. मुलाचं चित्र टॅबलेटच्या बाहेर जात नाही, फक्त आकडे जातात, तेही पालकांनी होकार दिला असेल तर. मूल कुठे अडलं आहे हे वेचणीचं यंत्र चारदोन प्रश्न विचारून शोधतं. मग तिथेच अडलेल्या इतर मुलांच्या मनात कोणत्या पाठाने फट उघडली होती ते पाहतं, आणि तो पाठ समोर ठेवतं. मराठी असो, भूगोल असो, रसायन असो.

पहिल्या चाचणीचे निकाल आले तेव्हा माझा सहकारी इर्शाद खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आला.

"हर्षदा, आपलं यंत्र बिघडलंय. वर आलेले सगळे पाठ नापास आहेत."

त्याचं म्हणणं खरं होतं. भूगोलात पहिला आलेला पाठ होता एका बाईंचा. त्यांनी खारे वारे आणि मतलई वारे यांचे बाण उलटे काढले होते, आणि अर्ध्या वाटेवर ते त्यांच्या लक्षात आलं होतं. रसायनात एक सर समीकरण संतुलित करत होते आणि दर वेळी एक ऑक्सिजन उरत होता. चकाचक, बिनचूक पाठ खाली पडले होते. वर होती ती खरोखर चुकलेली आणि मग थांबून विचार करणारी माणसं.

आम्हाला वाटलं, सोपं आहे, नट घेऊन मुद्दाम चुका करवून घेऊ. तसे पाठ बनवलेही. फट उघडलीच नाही. खरी चूक करणारा माणूस चुकेपर्यंत पूर्ण खात्रीत असतो. नटाला पुढे काय येणार हे माहीत असतं, त्यामुळे त्याचा हात चुकीच्या किंचित आधी सावध होतो, श्वास जरासा अडतो. मुलांना हे शब्दांत सांगता येत नाही, पण त्यांच्या बाहुल्या फसत नाहीत.

दशांश अपूर्णांकांच्या यादीत पहिला कोण, ते मी शेवटी पाहिलं.

रिकामा वर्ग. मास्क हनुवटीवर ओढलेला, मिशा काळ्या, अंगात निळा शर्ट. माझे सासरे, मुरलीधर बाविस्कर, मी कधी पाहिले नव्हते तितके उत्साही.

"दशांशात गुणाकार करायचा," ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होते. "उदाहरण काय घेऊ? घड्याळात सव्वादोन वाजलेत. चला, सव्वादोनच घेऊ. सव्वादोन किलोच्या चार पिशव्या." त्यांनी फळ्यावर ठसठशीत लिहिलं, २.१५. चाराने गुणलं. "आठ पॉइंट साठ. आता तोंडी ताळा करू. बे चोक आठ. चार पाव म्हणजे एक. झाले नऊ."

हात थांबला. ते फळ्याकडे बघत राहिले, मग घड्याळाकडे, मग पुन्हा फळ्याकडे. खडू फळ्यावर तीनदा ठोकला. तळहाताच्या कडेने आकडा पुसला, हात पँटीला पुसला, आणि हसायला लागले. एकट्याने, रिकाम्या वर्गात.

"अरे, मी घड्याळ लिहिलं! दोन वाजून पंधरा. आता बघा, गंमत बघा. हे तास असते तर आठ तास साठ मिनिटं म्हणजे नऊच तास झाले असते. पण घड्याळात साठ भरले की पुढच्या घरात जायचं. पॉइंटनंतर शंभर भरावे लागतात. साठातला पाव पंधरा. शंभरातला पाव किती?"

२.२५. गुणिले चार. नऊ.

मी विज्ञानाची पदवीधर आहे. दशांश मला येतात. तरी माझ्या बाहुल्यांचं त्या वेळी काय झालं असेल, याची मला कल्पना आहे.

रविवारी सगळे जेवायला बसले होते. मी ही बातमी मुद्दाम राखून ठेवली होती.

"बाबा, एक गंमत सांगू? दशांशाच्या सगळ्या पाठांमध्ये तुमचा पाठ पहिला आलाय. सव्वादोनचा. सगळ्या राज्यात."

आईंचा हात ताटातच राहिला. मयूर म्हणाला, "हर्षदा, वरण दे जरा." त्याच्या ताटात वरण होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पूर्ण पाहिलास?"

"हो, पूर्ण."

"पूर्ण कोणी बघत नाही," ते म्हणाले. उठले, हात धुतले आणि भर दुपारच्या उन्हात कुंड्यांना पाणी घालत उभे राहिले.

आईंनी भांडी आवरताना हळू आवाजात सांगितलं. पाठ टाकल्यानंतर आठवडाभरात कोणीतरी त्याचा तुकडा कापला. 'आठ पॉइंट साठ' इथेच तो संपायचा. पुढचं थांबणं नाही, हसणं नाही, दुरुस्ती नाही. पालकांच्या ग्रुपवरून तो तालुकाभर फिरला. गणिताचे सर, आणि सव्वादोन येत नाही.

"नाव पडलं, आठसाठ. बाजारात गेले की पोरं मागून ओरडायची. पोरांचं सोड, केस कापायला गेले तर न्हावी म्हणाला, या आठसाठ, बसा. सहज म्हणाला तो, वाईट बुद्धीने नाही. तेच यांना जास्त लागलं. मुदतीआधी नोकरी सोडली. चॅनेलवरून पाठ काढून टाकला."

"पण कुठल्यातरी फुकट साठ्यात प्रत राहिली होती," मी म्हणाले.

"राहतं ते," आई म्हणाल्या. "चांगलं धुतलं तरी हळदीचा डाग राहतोच."

मयूर माझ्यावर चिडला नाही. "आम्हीच तुला सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दाराशी आले. "तो पाठ काढता येईल?"

येणार होता. वेचणीचा पहिला नियमच तो आहे. पाठातल्या माणसाने सांगितलं की पाठ खाली घ्यायचा, कारण विचारायचं नाही. पण मी गप्प बसले नाही.

"येईल. पण बाबा, सव्वा, साडे, पावणे इथे खूप मुलं अडतात. घड्याळच लिहितात. त्यांना बिनचूक पाठ दाखवले तर ती मान डोलावतात आणि पुन्हा तेच लिहितात. तुमचा पाठ पाहिलेली बहुतेक मुलं पुन्हा चुकली नाहीत. उन्नतीसुद्धा तिथेच अडलीय. मागच्या बाकांवर बसवलंय तिला, कच्च्या गटात."

"दशांश शिकवणारा मी एकटाच राहिलो काय जगात?" ते म्हणाले. "मी पुन्हा करून देतो. नीट. न चुकता."

ते आमच्या ऑफिसात आले, नवा शर्ट घालून. सुरेख पाठ घेतला. दुसऱ्या एका शाळेतल्या मुलांना दाखवला. काही झालं नाही, आलेख सरळ रेषेत गेला. मग ते स्वतःच म्हणाले, मुद्दाम चुकून बघतो. तोही प्रयोग केला. मुलं कंटाळून खिडकीबाहेर बघू लागली.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "बघ, आता धड चुकताही येत नाही."

उपाय इर्शादने सुचवला. मूळ पाठ तसाच ठेवायचा, फक्त चेहरा आणि आवाज यंत्राने बदलायचा. थांबणं, श्वास, हाताची हालचाल, सगळं मूळचंच. म्हणजे चूक खरी राहील, माणूस दिसणार नाही.

"मग मी त्यात कुठेच नाही?" बाबांनी दोनदा विचारलं.

"कुठेच नाही."

"चालेल."

यंत्राने तिशीतला एक देखणा शिक्षक घडवला, कोरलेली दाढी, गोड आवाज. मी तो घरी दाखवला. आई चष्मा लावून बघत होत्या.

"हा कोण दाढीवाला? खडू मात्र तुमच्यासारखा धरतो, अहो."

"खडू सगळे सारखाच धरतात," बाबा म्हणाले.

पाठ राज्यभर गेला. फटीचे आकडे मूळ पाठाइतकेच आले. उन्नतीने तो शाळेत पाहिला, आणि काही आठवड्यांनी तिच्या आईने जिन्यात मला सांगितलं की तिची जागा बदलली. मी ही बातमी बाबांना दिली, तेव्हा त्यांनी "बरं" म्हटलं आणि पेपर उलटला.

पण हळूहळू ते चौकशी करू लागले. "दाढीवाल्याचं कसं चाललंय?" चहा पिताना, सहज विचारल्यासारखं. मी सांगायची. मेळघाटात चांगलं चाललंय. कोल्हापूरच्या एका शाळेने त्या सरांना गॅदरिंगला पाहुणे म्हणून बोलावलंय, ते कुठे राहतात विचारतायत.

"पाठव की त्याला. फेटा बांधतील."

"तुम्ही जळता त्याच्यावर," आई म्हणाल्या.

"मी कशाला जळू? त्याने काय केलंय?"

ते हे हसत म्हणाले होते. पण नंतर मी पाहिलं, ते टॅबलेटवर तो पाठ लावून बसले होते, आवाज बंद करून. दाढीवाला हसायला लागला तिथे त्यांनी थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला.

मग तो गुरुवार आला. मी घरून काम करत होते. बाबा गॅलरीत झारी भरत होते. उन्नती धावत वर आली. हातात तिचा छोटा पांढरा फळा होता.

"आजोबा, आठसाठ!"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई दारात आल्या. माझी बोटं कीबोर्डवरच थांबली. हा शब्द या घरात मी फक्त एकदा ऐकला होता, तोही कुजबुजत.

बाबांनी झारी हळूच खाली ठेवली. "कोणी शिकवलं तुला हे?"

त्यांचा आवाज इतका सपाट होता की उन्नती गोंधळली. "कोणी नाही. आमच्या वर्गात सगळेच म्हणतात."

"काय म्हणतात?"

"आठसाठ झालं, असं. उत्तर आलं पण ताळा जमला नाही ना, की म्हणायचं, मॅडम, माझं आठसाठ झालं. मग मॅडम थांबतात. सगळ्यांनी मिळून शोधायचं कुठे चुकलं ते. विज्ञानात पण म्हणतो आम्ही. परवा मॅडमचंच झालं होतं, इतिहासात. सन चुकला त्यांचा."

"आणि मग सगळे हसतात."

"हसतात ना," उन्नती म्हणाली. "ते सर हसतात तसं."

आईंनी पदराने हात पुसले, आधीच कोरडे असलेले.

"माझं आठसाठ झालंय," उन्नती पुन्हा म्हणाली, आता जरा कमी आवाजात. "पावणेतीन लिटरचे चार कॅन. मी गुणलं तर नऊ पॉइंट ऐंशी आले. तोंडी केलं तर अकरा येतात. तुम्ही गणित सांगत नाही, माहितीय मला. पण आई अजून आली नाही."

त्यांनी झारीकडे पाहिलं. ती भरलेली होती, हाताच्या अंतरावर. मला वाटलं, आता ते ती उचलतील आणि तुळशीपासून सुरुवात करतील.

"आण," ते म्हणाले.

ते सोफ्यावर बसले, फळा मांडीवर घेतला. तिने लिहिलं होतं, २.४५. ते बघत राहिले. मार्कर उघडला. फळ्यावर टोकाने ठोकला, एक, दोन, तीन. तळहाताच्या कडेने ४५ पुसले. हात पँटीला पुसला. शाईचा काळा फराटा उमटला.

उन्नती फळ्याकडे बघत नव्हती. त्यांच्या हाताकडे बघत होती.

"आजोबा, तुम्ही त्या सरांसारखं करता."

"मार्कर सगळे सारखाच धरतात."

"धरण्याचं नाही. तीनदा ठोकता. मग असं पुसता, मग पँटीला." तिने करून दाखवलं, हुबेहूब. "वर्गात आम्ही सगळे तशीच नक्कल करतो. पण तुम्ही नक्कल नाही करत आहात."

इर्शादने आणि मी चेहरा बदलला होता, आवाज बदलला होता. ज्यामुळे चूक खरी वाटते ते सगळं जपून ठेवलं होतं. ज्यामुळे चूक खरी वाटत होती, त्यातच तर हा माणूस होता. आईंना ते चष्मा लावल्याबरोबर दिसलं होतं.

बाबा आपल्या पँटीवरच्या फराट्याकडे बघत होते.

"तो दाढीवाला कधी चुकलाच नाही," ते म्हणाले.

"चुकले की! मी बघितलंय. सव्वादोनला."

"ती चूक त्याची नाही." त्यांनी मार्करचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "माझी आहे ती."

उन्नतीने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डावीकडून, मग उजवीकडून. आकृतीतले कोन मोजावेत तसं.

"मग तुमची दाढी कुठे गेली?"

आईंना हसू आवरेना. त्या आत वळल्या, पण आत गेल्या नाहीत. बाबाही हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, त्या रिकाम्या वर्गात हसले होते तसेच.

मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हर्षदा, ती दाढी काढून टाक."

"सगळीकडून?"

"सगळीकडून. पारोळ्यातही दिसू दे. फक्त पूर्ण दाखव, मधे कुठे कापू नका." आणि फळा उन्नतीकडे वळवत म्हणाले, "हां, तर पावणेतीन. इथे बघ, तू काय केलंस माहितीये का? तू घड्याळ लिहिलंस."